पेट्रोल पंपाखालची टाकी झिरपली तर तपासणी कशी करायची अन् जमीन-पाणी साफ कसं करायचं

पंपाशेजारच्या विहिरीला नाहीतर बोअरला पेट्रोलचा वास यायला लागला की पहिल्याच दिवशी दोन गोष्टी हमखास होतात, पंपाचा मॅनेजर म्हणतो आमच्या टाकीला काही झालेलं नाही आणि गावातलं कुणीतरी विहिरीत टीसीएल म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकतं. दोन्हीत नुसता वेळ जातो आणि तेवढ्या वेळात तेल खाली सरकत राहतं. आपल्याकडं हा प्रश्न जास्त जड आहे कारण २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, अशा भागात चालू असलेला एक बोअर बाद होणं कुणालाच परवडत नाही. म्हणून पंपमालक, मॅनेजर, शेजारचा शेतकरी, ग्रामपंचायतीचे लोक, सगळ्यांना उपयोगी पडेल असं सविस्तर लिहितोय, लांब आहे पण सगळं वाचा.

आधी जिवाचं बघा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, विहिरीत, आडात, नालीत, तळघरात खाली बसून राहते आणि हवेत १.४ टक्के झाली की एका ठिणगीला पेटते. त्यामुळं वास येणाऱ्या विहिरीत कुणालाही उतरू देऊ नका, कमरेला दोर बांधून नाही, दोन मिनिटांसाठी नाही, गाळ काढणारी पोरं सवयीनं उतरतात त्यांना आधी थांबवा, आग राहिली बाजूला, तिथं नुसता श्वास कोंडूनच माणूस जातो. काठावर बिडी-सिगारेट नको. मोटार लावून पाणी उपसून टाकू हा विचारही नको, एकतर स्टार्टरची ठिणगी, दुसरं म्हणजे तुम्ही जेवढं जोरात उपसाल तेवढं बाजूचं तेल विहिरीकडं ओढलं जाईल, आणि उपसलेलं पाणी टाकणार कुठं, नालीत सोडलं की पुढच्या वस्तीला त्रास.

ते पाणी पिणं, स्वयंपाकाला वापरणं आणि त्यानं अंघोळ करणंसुद्धा त्याच दिवशी बंद. उकळून घेऊ म्हणाल तर त्यातलं बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला विषारी घटक, वाफ होऊन घरातल्या हवेत येतं आणि ते तुमच्याच छातीत जातं. तुरटीनं निवळत नाही, टीसीएल जंतूंसाठी असतं तेलासाठी नाही, आणि घरच्या आरओच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. टँकर मागवा, तहसीलला लेखी अर्ज द्या. आणि वास गेला म्हणजे पाणी चांगलं झालं असं धरू नका, जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात बेंझिनची हद्द लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवलीय आणि माणसाच्या नाकाला बेंझिनचा वास जाणवायला त्याच्या शेकडो पट जास्त बेंझिन पाण्यात लागतं. आपल्याकडच्या बीएस-६ म्हणजे सध्याच्या प्रदूषण मानकाच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं, कागदावर गणित मांडलं तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन आठ लाख लिटरपेक्षा जास्त पाणी त्या हद्दीपर्यंत नेऊ शकतं. प्रत्यक्षात बरंच उडून जातं, जिवाणू खातात, तरी थेंबाथेंबाची गळती किती महागात पडते ते यावरून समजून घ्या.

आता पाण्यावर तवंग दिसतोय तो तेलाचाच आहे का हे तिथल्या तिथं बघता येतं. बादलीत पाणी काढा, शांत होऊ द्या आणि तवंगात एक काडी फिरवा. तवंगाचे काचेच्या खपल्यांसारखे तुकडे झाले आणि ते तुकडे तसेच वेगवेगळे राहिले तर तो लोखंड खाणाऱ्या जिवाणूंचा थर आहे, जुन्या लोखंडी केसिंगच्या बोअरला, हापशाला हे नेहमी होतं, घाबरायचं कारण नाही. काडी फिरवल्यावर तवंग वळसे घेत परत एकमेकाला येऊन मिळाला, इंद्रधनुष्याचे रंग फिरत राहिले, तर तेल आहे. एवढ्यावर पंपाचंच आहे असं म्हणता येत नाही, मोटारीचं ऑइलपण असू शकतं, पण पुढं तपासायला हवं एवढं नक्की.

पंपाच्या बाजूनं पहिलं काम कागदावरचं. डीएसआर म्हणजे रोजच्या विक्री-साठ्याचा हिशोब काढा, निदान मागच्या वर्षभराचा, रोजचा डिप म्हणजे टाकीत पट्टी बुडवून मोजलेली पातळी, मीटरची विक्री, आलेला माल आणि व्हेरिएशन म्हणजे हिशोबातली घट-वाढ एकाखाली एक लावा, पेट्रोलचं वेगळं, डिझेलचं वेगळं, टाकीनिहाय. एका दिवसाच्या घटीवरून काही कळत नाही कारण आपल्या उन्हाळ्यात गरम माल येतो आणि जमिनीखालच्या टाकीत थंड होतो, २० हजार लिटरच्या टँकरला दहा अंशाचा फरक पडला तर सुमारे २०० लिटर नुसतं आकुंचनानंच कमी दिसतं. म्हणून तापमान धरून हिशोब करा आणि बघायचं ते असं की घट हिवाळ्यातही आहे का, रोज एकाच बाजूला झुकलीय का, आणि पंप बंद असताना रात्रीच्या डिपमध्येही फरक पडतो का. रात्री घटतंय म्हणजे टाकी, विक्री चालू असतानाच घटतंय म्हणजे पाइपलाइन नाहीतर डीयू म्हणजे तेल सोडणाऱ्या मशिनखालचा जोड, असा अंदाज बांधता येतो. वॉटर पेस्टला, म्हणजे डिपच्या पट्टीला लावायच्या, पाणी लागलं की रंग बदलणाऱ्या पेस्टला, पावसाळ्यात वारंवार पाणी लागत असेल तर तेही गंभीरपणे घ्या, फिल पॉइंटमधून, म्हणजे टँकरचा माल ओततात त्या तोंडातून, झिरपलं असेल किंवा टाकीला भोक असेल, जिथून पाणी आत येतं तिथून तेल बाहेरही जातं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, पाणी शिरलं की इथेनॉल त्या पाण्यात जाऊन तळाला वेगळा थर होतो, तेव्हा पेस्टसुद्धा इथेनॉलला चालणारीच वापरा.

संशय पक्का वाटला की ती टाकी, ती लाइन बंद करा आणि कंपनीच्या माणसांकरवी टाकीची अन् लाइनची प्रेशर टेस्ट वेगवेगळी करून घ्या. गावातला वेल्डर बोलवून टाकी उघडायची नाही, पेट्रोलियम रूल्स २००२ खाली पेसोचं म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम-स्फोटक सुरक्षा खात्याचं लायसन्स असलेली जागा आहे ती, माल काढणं, टाकी गॅस-फ्री करणं हे सगळं त्या नियमातच बसवावं लागतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १६५ लिटर म्हणजे साधारण एका बॅरलच्या वरची गळती राज्याच्या प्रदूषण मंडळाला, पेसोला, जिल्हा प्रशासनाला कळवायची आहे. माझं स्पष्ट मत असं की १६५ होईपर्यंत वाट बघू नका, किती गेलं हे सुरुवातीला कुणालाच माहीत नसतं, लेखी कळवून पोच घेऊन ठेवा, डीलरचा बचावही त्यातच आहे, कारण बहुतेक पंपांवर टाकी-पाइप कंपनीचे असतात आणि पुढं खर्च कुणी करायचा यावर वाद होतोच. शेतकऱ्यानं पण तोंडी भांडत बसू नये, तारखेसह अर्ज, फोटो, पाण्याचा नमुना. पुण्याला हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ आहे आणि प्रदूषण करणाऱ्यानं भरायचं हे तत्त्व २०१० च्या लवाद कायद्यातच लिहिलेलं आहे.

आता खरा विषय, जमीन. बाहेरगावच्या एजन्सी येतात आणि वाळूच्या जमिनीचा साचा इथं लावतात, तिथंच गाडं अडतं. आपल्याकडं वर काळी माती, तिच्याखाली कुठं चुनखडी, मग मुरूम, मग भेगाळ पाषाण, मग कडक काळा पाषाण, आणि दोन पाषाणांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या गेरूचा थर. काळी माती ओली असताना फुगून घट्ट होते, तेल अडवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, काही ठिकाणी तीन-चार फूट खोल, आणि त्या भेगांतून तेल सरळ मुरमात उतरतं. मुरमात ते पसरतं, पाणी लागलं की त्याच्यावर तरंगतं कारण पेट्रोल काय डिझेल काय दोन्ही पाण्यापेक्षा हलकं, आणि पाषाणात गेलं की मग भेग जिकडं नेईल तिकडं. गेरूवर पोचलं तर खाली न जाता आडवं चालत राहतं. त्यामुळं पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि दोन शेतं सोडून पलीकडचा बोअर खराब असं होऊ शकतं, याचा अर्थ शेतकरी खोटं बोलतोय असा होत नाही.

आणखी एक जागा लोक विसरतात ती म्हणजे टाकीचा खड्डा. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात वाळू-मुरूम भरलेला असतो, म्हणजे भोवती घट्ट माती अन् मधे मोकळी भरती, पावसाळ्यात तो हौदासारखा भरतो, गळालेलं तेल पाण्यावर चढून वर येतं आणि जिथून पाइपची, केबलची, नळाची चर गेलीय त्या चरीतून बाहेर पडतं. म्हणून नळयोजनेची लाइन कुठून गेलीय ते आधी बघा, प्लॅस्टिकच्या पाइपातून बेंझिन, टोल्युइन हळूहळू आत मुरतं, पाइप फुटलेला नसला तरी.

बोअरची गाडी बोलवायच्या आधी एक दिवस नुसतं पायी फिरा. पाचशे मीटरच्या टापूतल्या सगळ्या विहिरी, आड, हापसे, बोअर नकाशावर मांडा, खोली किती, पाणी किती फुटावर, मोटार किती एचपीची, पाणी प्यायला की शेतीला, सगळं लिहा. जवळच्या उघड्या विहिरीच्या काठावर उभं राहून भिंत बघा, माती कुठं संपते, मुरूम कुठवर, ओल कुठून झिरपते, गेरू दिसतो का, एवढी माहिती फुकटात दुसरीकडं कुठं मिळणार नाही. जुन्या माणसांना विचारा पाणी कुठल्या अंगानं येतं, त्यांना बाहत्तरच्या दुष्काळापासूनचं सगळं तोंडपाठ असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्ह्याचं ऑफिस असतं, त्यांच्या निरीक्षण विहिरींच्या पाणी पातळीच्या नोंदी मागून घ्या. साधारणपणे पाणी ओढ्याच्या, नदीच्या उताराला चालतं पण आजूबाजूला ऊस असेल अन् रात्रंदिवस मोटारी चालत असतील तर त्या उलटी दिशासुद्धा करतात.

मातीची तपासणी हाताच्या ऑगरनं, म्हणजे माती काढायच्या गिरमिटानं, सुरू करा, फिल पॉइंट, टाकीचे चार कोपरे, डीयूखाली, पाइपच्या वळणांवर, खणण्याआधी पाइप आणि केबल कुठं आहेत ते पक्कं करून. दर दीड-दोन फुटाला मूठभर माती झिप लॉकच्या पिशवीत अर्धी भरायची, तोंड बंद करायचं, ढेकळं दाबून फोडायची, दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवायची आणि मग पीआयडी म्हणजे तेलाची वाफ मोजणाऱ्या मीटरची नळी पिशवीत किंचित घुसवून आकडा घ्यायचा. सगळ्या पिशव्यांना सारखाच वेळ द्या नाहीतर तुलना होत नाही. काळ्या मातीचा ढेकूळ वरून कोरडा, बिनवासाचा लागतो आणि फोडला की आतल्या चिकण पृष्ठभागावर ओलसर चमक दिसते, भेगेतून तेल गेलेलं असतं ते तसं दिसतं, म्हणून ढेकूळ फोडल्याशिवाय मीटर लावू नका. या आकड्यांवरून कुठली माती लॅबला पाठवायची ते ठरवायचं, मीटरचा आकडा म्हणजे रिपोर्ट नाही.

मग पाण्याच्या तपासणीसाठी बोअर. निदान तीन पाहिजेत, एका रेषेत नाही त्रिकोणात, म्हणजे तिघांच्या पातळीवरून पाण्याचा उतार काढता येतो, त्यातला एक पंपाच्या वरच्या अंगाला स्वच्छ बाजूला. इथं हात जोडून सांगतो, गाडीवाल्याला तीनशे फूट मारू देऊ नका. आपल्याला वरचं मुरमातलं, भेगाळ पाषाणातलं पाणी तपासायचंय, घाणेरड्या थरातून आरपार खोल बोअर मारला की वरचं तेल खालच्या चांगल्या पाण्यापर्यंत न्यायला तुम्हीच वाट करून दिली असं होतं. पंपाच्या आवारात जुना बोअर असेल, वरचं केसिंग कुजलेलं असेल, तर तीच वाट आधीपासून तयार आहे, त्याची तपासणी सगळ्यात आधी. खोलवर मारायचंच असेल तर वरचा थर केसिंग अन् सिमेंटनं बंद करून मगच पुढं. गाडीच्या हातोड्याची हवा वाफा आजूबाजूला ढकलते, म्हणून गॅस मीटर चालू ठेवा आणि पेट घेण्याच्या हद्दीच्या १० टक्क्यांवर आकडा गेला की काम थांबवा. जाळीचा पाइप असा बसवा की मे महिन्याची खालची पातळी आणि ऑक्टोबरची वरची पातळी दोन्ही त्या जाळीत येतील, आपल्याकडं हा फरक कित्येक मीटरचा असतो, जाळी कायम पाण्याखाली राहिली तर वर तरंगणारं तेल आत येणारच नाही आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येईल. जाळीच्या वर बेंटोनाइटचा म्हणजे पाण्यानं फुगणाऱ्या मातीचा बूच.

नमुना घेताना घाई नको. आधी इंटरफेस प्रोबनं तेल अन् पाणी कुठं कुठं आहे ते मोजा, प्रोब नसेल तर टेपला एका अंगानं वॉटर पेस्ट अन् दुसऱ्या अंगानं पेट्रोल पेस्ट लावून चालतं. बोअरमध्ये दिसणारी तेलाची जाडी म्हणजे जमिनीतली जाडी नव्हे, जमिनीत ती बहुतेक वेळा कमीच असते, त्यावरून लिटरचा हिशोब मांडू नका. स्वच्छ बोअरपासून सुरुवात करून घाणेरड्याकडं जायचं, बोअरमध्ये साठलेल्या जुन्या पाण्याच्या साधारण तिप्पट पाणी उपसून मग नमुना. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत अजिबात भरायचं नाही, लॅबकडून ४० मिलिलिटरच्या काचेच्या व्हायल आणा, काठोकाठ भरा, उलटी करून टिचकी मारा, एक बुडबुडा जरी दिसला तरी परत भरा, कारण बेंझिन त्या बुडबुड्यात निघून जातं. आम्ल घातलेल्या व्हायल बर्फात ४ अंशाला ठेवून १४ दिवसांत तपासून झाल्या पाहिजेत, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला पाठवताना मे महिन्यात बर्फ वाटेत बदलावा लागतो हे ड्रायव्हरला सांगा. एनएबीएल म्हणजे लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली लॅब घ्या आणि मान्यता नेमकी याच चाचण्यांना आहे का ते विचारा. चाचण्या म्हणजे टीपीएच (एकूण तेल किती ते), बीटेक्स म्हणजे बेंझिन-टोल्युइन-इथाइल बेंझिन-झायलीन, पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एमटीबीई, डिझेलचा संशय असेल तर नॅप्थलीन, पीएएच म्हणजे तेलातली जड रसायनं. पंप जुना असेल तर शिसंही, २००० साली देशात शिसंवालं पेट्रोल बंद झालं, तेव्हा मातीत शिसं जास्त निघालं तर गळती जुनी असल्याचा एक धागा मिळतो.

साफसफाईचा क्रम मात्र चुकवू नका, गळती बंद, मग सुटं तेल बाहेर, मग माती, मग पाणी. सुटं तेल बेलरनं म्हणजे दोरीला बांधलेल्या नळीनं किंवा स्किमरनं म्हणजे वरचा तवंग ओढणाऱ्या यंत्रानं काढायचं, पंप स्फोटरोधकच पाहिजे. वरची भिजलेली माती खणून काढता येते पण फोडावा लागतो अशा पाषाणात खणत बसण्यात अर्थ नाही. काढलेली माती रस्त्याच्या भरावाला, वीटभट्टीला, शेताच्या बांधाला देऊन टाकायची नाही. ती २०१६ च्या घातक कचरा नियमांत बसवून अधिकृत सोयीकडं, म्हणजे रांजणगाव-बुटीबोरीसारख्या ठिकाणी मॅनिफेस्ट म्हणजे वाहतुकीच्या कागदासह जाते, नाहीतर मंडळाच्या परवानगीनं जागेवरच जिवाणूंकडून साफ करायची. याला बायोपाइल म्हणतात आणि डिझेलच्या मातीला हे चांगलं लागू पडतं. काळी माती एकटी ठेवली तर तिच्यात हवा शिरत नाही, म्हणून बगॅस म्हणजे उसाचं चिपाड नाहीतर सोयाबीनचा भुसा मिसळून पोकळ करायची, आपल्याकडं दोन्हीला तोटा नाही. खाली जाड प्लॅस्टिक, चारी बाजूंनी बांध, वरून ताडपत्री, आतून भोकांचे पाइप टाकून हवा. जिवाणूंना कार्बन, नत्र, स्फुरद साधारण १०० ला १० ला १ या प्रमाणात लागतं, ते युरिया-डीएपीतून देता येतं, ओल मुठीत गोळा होईल पण पाणी पिळून निघणार नाही एवढी. टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेनं तयार केलेलं ऑइलझॅपर हे जिवाणूंचं मिश्रण देशात तेलाच्या गाळावर बरंच वापरलं गेलंय, पण नुसती पावडर टाकून मोकळं होता येत नाही, हवा अन् ओल सांभाळली तरच ते काम करतं. ताज्या पेट्रोलनं भिजलेली माती उघड्यावर उलथायची नाही, आग अन् वाफ दोन्हीचा धोका.

मुरमातल्या पेट्रोलला व्हॅक्यूमनं वाफ ओढून घेणं सगळ्यात बरं पडतं, ओढलेली वाफ कोळशाच्या फिल्टरमधून सोडायची. ओल्या काळ्या मातीत हे चालत नाही, भेगाळ पाषाणात चालेलच असं नाही, आधी एका बोअरवर चाचणी घ्या, बाकीच्यांतला दाब बदलतो का बघा, मगच मशिनरीचा खर्च करा. पाणी उपसून दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून काढता येतं, शेतकऱ्याच्या बोअरवर तात्पुरता दिलासा म्हणून हे चांगलं, पण कार्बन संपला की कळत नाही, म्हणून दोन टाक्या एकामागं एक लावा आणि पहिलीतून बाहेर पडणारं पाणी नियमित तपासा. दूरच्या कडेला थोडंफार राहिलेलं निसर्गावर सोडता येतं, पण त्यासाठीसुद्धा ऑक्सिजन, नायट्रेट, सल्फेट, विरघळलेलं लोह मोजत राहावं लागतं. पाण्यात ऑक्सिजन लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो आणि एक ग्रॅम तेल खायला जिवाणूंना सुमारे तीन ग्रॅम लागतो, त्यात इथेनॉल असलं तर जिवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात, ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन पुढं चालत राहतं. तेव्हा ‘आपोआप होईल’ म्हणणाऱ्यानं आकडे दाखवावेत.

साफ झालं हे कधी म्हणायचं? मशिन चालू असताना आलेल्या रिपोर्टवर तर नाहीच. मशिन बंद करा, थांबा, परत तपासा, बऱ्याचदा आकडा पुन्हा चढतो. आणि आपल्याकडं ऑक्टोबरचा एकटा रिपोर्ट धरू नका, पावसानं पातळी वर येते, तेल भेगांत पाण्याखाली अडकून बसतं, बोअर स्वच्छ दिसतो, मे महिन्यात पाणी उतरलं की तेच तेल सुटून परत वर दिसतं. निदान एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा, आणि एखादं साल पाऊसच झाला नाही तर त्याच्या पुढचंही साल धरा. पंपानं कितीही घाई केली तरी शेजारच्यांचा टँकर तोवर बंद करू नये.

काम संपल्यावर तपासणीचे बोअर उघडे सोडू नका, पोरं दगड टाकतात, नालीचं पाणी शिरतं, सिमेंट-बेंटोनाइटनं तळापासून वरपर्यंत बुजवून जागा नकाशावर नोंदवा. आणि ज्या ज्या शेतकऱ्याच्या विहिरीतून नमुना घेतला त्याला त्याच्या पाण्याच्या रिपोर्टची प्रत हातात द्या, कुठला आकडा कशाचा आणि हद्द किती हे मराठीत समजावून सांगा, एक प्रत ग्रामपंचायतीत जमा करा.